गेले पाहणीला, झाली चौकशी

मला वाटलं होतं, शिकून घरी परतले की माझ्या संशोधनामुळे जिल्ह्याचं धोरण बदलेल. प्रत्यक्षात माझ्या संशोधनामुळे पारोळ्याजवळच्या एका गावात एका भल्या मुलाचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं.

हसू नका. निदान सगळं ऐकून मग हसा. चहा जरा जास्तच ठेवा, हा घोटाळा एका कपात मावणारा नाही.

दोन वर्षं परदेशात राहून मी जे शिकून आले, त्याला माहिती साक्षरता म्हणतात. कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी हे कसं ओळखायचं, कोणाला विचारायचं, सांगणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा, हे लोकांना शिकवण्याचं शास्त्र. जळगावला आल्या आल्या मी हे आईला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे भाजीवालीला विचारायचं, वांगी आजची का कालची, आणि मग वांगं स्वतः दाबून बघायचं. एवढ्यासाठी विमानाने गेलीस?"

आईचं सोडा. माझ्या डोक्यात तेव्हा धुळे होतं. धुळ्याला वाचनालयांची एक समिती होती. गावोगावच्या वाचनालयांत मोबाइलवरच्या खोट्या बातम्या ओळखायला शिकवणारे वर्ग सुरू करायचे का, आणि करायचे तर कसे, हे ती समिती ठरवणार होती. तिच्या मॅडमना मी गाठलं आणि मोठ्या आवेशाने सांगितलं की धोरण खुर्चीत बसून ठरवायचं नसतं. आधी गावात जाऊन पाहायचं, लोक आज माहिती कशी पडताळतात. मग त्या मापाने धोरण बेतायचं. मॅडमनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग जा, पाहून या, आणि पुढच्या बैठकीत मांडा."

इतक्या पटकन मला आजवर कोणी हो म्हटलं नव्हतं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

गाव निवडलं नानांचं. नाना म्हणजे बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र आणि गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा हेमंत पारोळ्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. लहानपणी सुट्टीत गेले की मी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसायचे, आजही त्याला हेमंतभाऊच म्हणते. या हेमंतभाऊचं शिंदखेड्याच्या मनीषाशी जमत आलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात तिने त्याला विचारलं होतं, ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर तुम्ही काय करता? आजवर कोणत्याही मुलीने त्याला हे विचारलं नव्हतं. गडी तिथेच गार. तिलाही तो पसंत होता. आता फक्त मुलीकडच्यांनी गावात येऊन चौकशी करायची राहिली होती. ती झाली की सुपारी फुटणार, म्हणजे लग्न पक्कं.

हे सगळं मला माहीत होतं बरं का. माहिती नव्हती म्हणून घोटाळा झाला, असं म्हणायची सोयच नाही.

तुमच्यापैकी कोणी बाहेरचं असेल तर आमच्याकडे चौकशी कशी होते ते सांगते. मुलीकडचा एक अनोळखी माणूस गावात उतरतो. बैल बघायला आलोय म्हणतो, नाहीतर बियाणं. चहाच्या टपरीवर बसतो, पिठाच्या गिरणीशी रेंगाळतो आणि पाऊसपाण्याच्या गप्पांत हळूच एका घराचं नाव काढतो. पण गावही काही दूधखुळं नसतं. त्याने पहिला घोट घ्यायच्या आत तो कशासाठी आलाय ते गावभर झालेलं असतं. आणि गावाचा एक न लिहिलेला नियम आहे. आपल्या पोराचं स्थळ मोडायचं नाही. आपसातली भांडणं आपण नंतर बघू, पाहुण्यापुढे पोरगा सोन्याचा.

तर अशा गावात मी गेले. अनोळखी मुलगी, खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. शिवाय मला शिकवलं होतं की उत्तर देणाऱ्याला आपला हेतू फार फोडून सांगू नये, नाहीतर तो आपल्याला आवडेल तेच बोलतो. म्हणून मी प्रत्येकाला म्हणत होते, "एक अभ्यास चाललाय. सहज थोडं विचारायचं होतं. तुम्ही बोलाल ते मी दुसऱ्या कोणाला ऐकवणार नाही."

सहज. थोडं. कोणाला ऐकवणार नाही. बैल बघायला आलेला माणूसही इतकं संशयास्पद बोलत नाही हो!

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण पहिल्याच ठिकाणी माझा प्रश्न अडकला. गिरणीवाल्या भास्करभाऊंना मी विचारलं, तुम्ही माहितीची विश्वासार्हता कशी तपासता? ते पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणजे उदाहरण द्यायला हवं. गावातल्या सगळ्यांच्या ओळखीचं, कोणाला न दुखावणारं. समोरच नानांचं घर दिसत होतं.

मी म्हटलं, "समजा भाऊ, उद्या कोणी येऊन सांगितलं की नानांच्या हेमंतने दुकान बंद केलं. तर ते खरं की खोटं, हे कसं ठरवाल?"

भास्करभाऊंनी चालती गिरणी बंद केली.

याला म्हणतात प्रश्न पोचणं, असं मला वाटलं.

"कोण म्हणस?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"कोणी नाही. समजा."

"खोटं शे. पोऱ्या सकाळे दुकानवर जास, दिवे लागनात का घर येस. मी रोज देखस ना."

मी मोबाइलवर नोंदवलं: प्रत्यक्ष निरीक्षणावर भर.

उदाहरण इतकं चाललं म्हटल्यावर मी तेच घरोघर नेलं. सलीमचाचा शिंपी म्हणाले, "बेटा, दुरुस्तीला आलेल्या पँटचा खिसा खोटं बोलत नाही. हेमंतच्या खिशात आजवर गुटख्याची पुडी निघाली नाही." मी नोंदवलं: प्राथमिक स्रोत, भौतिक पुरावा. कोपऱ्यावरच्या जनाक्कांना मी विचारलं, मोबाइलवर आलेला घरगुती उपाय खरा का खोटा हे तुम्ही कोणाला विचारता? जनाक्का म्हणाल्या, "त्याले काहीच आजार नही, बेटा. दात बी बठ्ठा त्याना सोताना शेतस." सगळे दात त्याचे स्वतःचेच आहेत, म्हणजे. मी नोंदवलं: आरोग्यविषयक जागरूकता उत्तम. नानांशी शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं अबोला धरलेले एक बापू होते. ते तोंड वाकडं करून म्हणाले, "पोऱ्या बापवर नही गया." त्यांच्याकडून निघू शकणारं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी लिहिलं: वडीलधाऱ्यांचं मत आंधळेपणाने स्वीकारत नाहीत.

(ही उत्तरं तुम्हाला सांगतेय ती नंतर प्रत्येकाची परवानगी घेऊन. तेवढी तरी मी शिकलेली आहे.)

आणखी एक गंमत. प्रत्येक घरी आधी माझीच तपासणी व्हायची. गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, भाऊ किती, शिक्षण किती, शिकून परत आलीस ती कायमची का पुन्हा जाणार. जनाक्कांनी तर मला उभं करून उंची पाहिली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता येते का, असं विचारलं. मी हरखून गेले. पुस्तकांत लिहिलेलं असतं की माहिती घेण्याआधी स्रोताची पारख करावी. इथे तर अख्खं गाव ते न शिकता करत होतं! त्या संध्याकाळी नानांकडे भरीत खाताना मी इतकी खुशीत होते की नानी म्हणाल्या, "पोर काहीतरी चांगली बातमी घेऊन आलेली दिसते."

घेऊन नव्हे, देऊन आले होते. पण ते कळायला दोन दिवस जावे लागले.

दोन दिवसांनी मनीषाचे मोठे काका, ज्यांना तिकडे सगळे आबा म्हणतात, ठरल्याप्रमाणे चौकशीला आले. रीतीप्रमाणे बैल बघायला. टपरीवर बसले आणि चहा पिता पिता हळूच नानांच्या घराचं नाव काढलं. टपरीवाला तयारच होता. त्याने विचार केला, पोराचा भाव जरा वाढवावा. म्हणाला, घाई करा पाहुणे, परवाच एक मुलगी स्वतः चौकशीला येऊन गेली, जळगावची, परदेशात शिकलेली, घरोघर हेमंतचीच विचारपूस करत होती. दुसरा कोणी म्हणाला, हो, आणि दुकान बंद पडलं का, असंही विचारत होती, पण तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आबांनी अर्धा चहा तसाच ठेवला. बैल न बघताच ते शिंदखेड्याला परत गेले आणि तिथून नानांना निरोप पाठवला, "विचार करून कळवतो."

लग्नाच्या भाषेत 'कळवतो' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नानांचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बैठकीसाठी आलेख रंगवत होते. नाना रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की मी गावात नेमकं काय विचारलं. मी मोठ्या अभिमानाने प्रश्न वाचून दाखवला. मग टपरीवर काय झालं ते त्यांनी मला सांगितलं.

आई शेजारीच होती. ती म्हणाली, "सगळ्या जगातून तुला उदाहरणाला लग्नाचाच मुलगा सापडला?"

संध्याकाळी हेमंतभाऊ स्वतः आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीच्या कडेवर बसला, पाण्याचा पेला नुसता हातात धरला आणि म्हणाला, "ताई, ती हो म्हणाली होती गं." बस. एवढंच. पुन्हा गाडीला किक मारून निघून गेला.

त्या रात्री ठरवलं, आपण केलेली घाण आपणच निस्तरायची. धुळ्याची बैठक एका दिवसावर आली होती, तरी सकाळी आईला घेऊन मी सुरतकडे जाणारी पॅसेंजर पकडली आणि शिंदखेडा गाठलं. बरोबर लॅपटॉप होता. पुरावा दाखवला की माणसं ऐकतात, असा माझा तेव्हापर्यंत विश्वास होता.

आबा ओसरीवर बसले होते. मोठ्या मिशा, पांढरी टोपी. मला बघून म्हणाले, "तूच का ती?"

मी सगळं एका दमात सांगितलं. बाबा, नाना, सायकल, हेमंतभाऊ, परदेश, वाचनालयं, धोरण. आणि लॅपटॉप उघडून रंगीत गोल आलेख त्यांच्या पुढ्यात धरला.

"हाई काय शे?"

"लोक माहिती कशी पडताळतात ते, आबा."

"आन हाऊ मोठा तुकडा?"

"प्रत्यक्ष निरीक्षण."

"कोणं निरीक्षण?"

आता संशोधकाने खोटं बोलायचं नसतं. मी म्हटलं, "हेमंतभाऊचं."

आईने पदर तोंडावर घेतला.

आबांनी दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. तोही हेमंतभाऊच. तिसरा हिरवा होता, त्यात त्याचे दात होते. आबा म्हणाले, एवढं सगळं विचारलंस तर लोक बोलले ते ऐकव, मोबाइलमध्ये असेलच. मी म्हटलं, नाही ऐकवता येणार, मी प्रत्येकाला शब्द दिलाय. आबा शेजारी बसलेल्या मनीषाच्या धाकट्या काकांकडे वळून म्हणाले, "देखं? दपाडी राह्यनी." लपवतेय, म्हणजे.

मी घाबरून म्हटलं, "आबा, शप्पथ, एकानेही वाईट सांगितलं नाही."

"एक बी नही?"

"एकही नाही."

"मंग तं नक्की काहीतरी शे," आबा म्हणाले.

बघा आता. वाईट सांगितलं तर स्थळ मोडतं, चांगलं सांगितलं तर संशय येतो, गप्प बसलं तर खात्रीच होते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात याच्यावर एक धडा नव्हता. मी रडायच्या बेतात होते. डोळ्यांपुढे सारखा तो खुर्चीच्या कडेवर बसलेला हेमंतभाऊ येत होता.

तेवढ्यात मनीषा चहा घेऊन बाहेर आली. ट्रे ठेवला, पण आत गेली नाही. पदवीला असताना शेतीशास्त्र शिकलेली, धीट डोळ्यांची मुलगी.

"ताई," ती मला म्हणाली, "तुम्ही अख्ख्या गावाला विचारलं. त्यांना स्वतःला विचारलं का?"

"कोणाला?"

"ज्यांचं दुकान आहे त्यांना. दुकान चालू का बंद, हे दुकानदाराला विचारावं, असं तुमच्या अभ्यासात नाही?"

गिरणीवाला झाला, शिंपी झाला, दात झाले. हेमंतभाऊला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

"मी विचारलं," मनीषा आबांना म्हणाली. "दुकान आज सकाळीही उघडलंय. आणि ह्या ताई त्यांच्या बहिणीसारख्या आहेत, हेही त्यांनीच सांगितलं."

"आज सकाळे?" आबा म्हणाले.

"हो. रोज सकाळी दुकान उघडलं की फोन..." आणि ती थांबली.

आत स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज बंद झाला. धाकटे काका छताकडे बघू लागले. माझ्यामुळे मोडायचं राहिलेलं लग्न आता फोनमुळे मोडणार की काय!

आबांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला. मग दुसरा. आणि अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मंग मी बैल देखाले कसाले गयथू?"

आधी आतून मनीषाच्या काकूंचं हसू ऐकू आलं. मग धाकटे काका हसले, मग आई, आणि शेवटी मिशांच्या आड आबाही. फोन तिथूनच नानांना लागला. येत्या रविवारी सुपारी.

निघताना मी आबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आईला विचारलं, हिचं कुठे बघताय का? आई म्हणाली, बघतोय. आबांनी मान हलवली. "आम्ही तुनी बी चौकशी कयी जळगावले. बठ्ठा चांगलंच सांगतस." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "म्हंजे काहीतरी शे."

घरी पोचतोय तोच नानांचा पुन्हा फोन. आवाजात पेढे. पण फोन दुसऱ्याही कामासाठी होता. वाचनालयाच्या मंडळींनी दुपारी बसून एक ठराव केला होता आणि नानांना तो मला वाचून दाखवायचा होता. यापुढे गावात पाहणीला येणाऱ्याने आधी वाचनालयाच्या फळ्यावर आपलं नाव, गाव आणि कशासाठी आलो ते खडूने लिहावं. आणि उदाहरणादाखल कोणाच्या लग्नाच्या मुलाचं नाव घेऊ नये.

"धुळ्याच्या मॅडमना पण कळवलं," नाना म्हणाले. "त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, सगळ्याच वाचनालयांना लागू करू."

मी फोन ठेवला. आई म्हणाली, "काय झालं?"

"माझ्या संशोधनामुळे धोरण बदललं," मी म्हटलं.

गंमत सांगू? झोपताना मला वाईट वाटत नव्हतं. उलट बरंच हलकं वाटत होतं. नियम चांगलाच होता. माझ्यासारखीला आवरणारा नियम माझ्याच पाहणीतून निघाला, याला कोणी काही म्हणो, पुराव्यावर आधारलेलं धोरण याहून वेगळं काय असतं?

सकाळी बैठकीसाठी इस्त्रीची साडी नेसून बसस्थानकावर गेले. लॅपटॉपमध्ये तोच गोल आलेख होता. रात्री बसून त्यातून हेमंतभाऊचं नाव तेवढं काढून टाकलं होतं. कोणाला काही कळलं नसतं. धुळ्याची गाडी लागली, मी खिडकीशी बसले, आलेख उघडला आणि तो हिरवा तुकडा दिसला. नाव काढलं म्हणून दात थोडेच जातात.

तिथूनच मॅडमना फोन केला आणि सांगितलं की माझे निष्कर्ष चुकीचे आहेत, आज मांडणार नाही, पहिल्यापासून करते, आधी फळ्यावर लिहून. मॅडम म्हणाल्या, "तयार झालं की या. तुमचा नियम मात्र आज मंजूर करून टाकतो."

धुळ्याची गाडी पारोळ्यावरूनच जाते. कंडक्टर जवळ आला आणि म्हणाला, "कुठे, ताई?"

माझं ठरलं होतं. आता कोणाशीही बोलताना आधी हेतू, मग बाकीचं. मी ताठ बसले आणि स्वच्छ आवाजात सांगितलं की मी जळगावची, माहिती साक्षरतेचा अभ्यास करते, पारोळ्याला उतरून पुढे एका गावात पाहणीसाठी चालले आहे, आणि कोणाच्याही मुलाच्या चौकशीला चाललेली नाही.

कंडक्टर म्हणाला, "म्हणजे एक पारोळा ना?"

आणि मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी पुढे वाकून माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

"कोन्ता पोऱ्या शे व माय, पारोळाना?"